मधला ढीग

४ जानेवारी

ताई,

नमस्कार. मी बरी आहे, तू बरी असशील, भावोजींचा खोकला आणि त्यांचा स्वभाव दोन्ही होते तसेच असतील असं धरून चालते, म्हणजे पत्राचा पहिला परिच्छेद वाचतो.

माझा उजवा गुडघा मात्र हट्टाला पेटलाय. डॉक्टर म्हणतात जिने टाळा. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी इतकी वर्षं लटकते आहे की आता पाटीच दुरुस्तीला आली. पण मे अखेर मी निवृत्त होते आहे, तेव्हा एवढे चार-पाच महिने गुडघ्याने दम धरावा.

तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘ती पेपर काढते’ असं सांगतेस, ते एकदा दुरुस्त करू दे. पेपर मी काढत नाही. प्रश्न लिहिणारे वेगळे. त्यांचे प्रश्न आमच्या प्रश्नपेढीत जमा होतात, एका प्रश्नाचं एक कार्ड. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, की आधी ज्या शंभर जणांना हा प्रश्न घालून पाहिला त्यांतल्या किती जणांना तो आला. त्या कार्डांतून निवडून मी परिचारिकांच्या परवाना परीक्षेचे चार संच जुळवते, क, ख, ग आणि घ, म्हणजे शेजारच्याचं बघून लिहिण्यात काही हशील राहत नाही. चारही संचांचं वजन सारखं हवं. एकाला सोपा आणि दुसऱ्याला अवघड असं होता कामा नये. सव्वीस वर्षं मी एवढंच केलं.

पुढच्या वर्षापासून हे काम संगणक करणार आहे. शिकवायला एक मुलगी आली होती. मी तीन आठवडे डोकं शिणवून जे जुळवते ते तिने चहा निवायच्या आत जुळवून दाखवलं. मी म्हटलं, छान आहे. खरंच छान होतं, म्हणून जास्त राग आला.

नव्या यंत्रांना जागा हवी म्हणून गोदाम रिकामं करताहेत. तीन वर्षांपूर्वीच्या उत्तरपत्रिका या महिन्याच्या एकतीस तारखेला लगद्याला जातील. तसा नियमच आहे, तीन वर्षं ठेवायच्या आणि मग द्यायच्या. यात तुला सांगण्यासारखं काही नाही, ओघात लिहून गेले.

घरी सगळं ठीक. मधली खोली भाड्याने दे असं तू दर पत्रात लिहितेस. दोनजण बघून गेले, दोघांनाही आवडली. मीच नाही म्हटलं. कारण विचारलं तर काय सांगू, ती खोली मला रिकामी वाटत नाही. तुझी भिंगरी तिथे दोन वर्षं परीक्षेसाठी येरझारा घालत मोठ्याने पाठ करायची, तिच्या चपला कुठे घासायच्या तिथे फरशी अजून जरा वेगळी दिसते. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात असले की मला तो आवाज येतो. शब्द कळत नाहीत, नुसती चाल. प्रश्न, मग चार पर्याय, मग थांबणं. मी भाजी चिरायची थांबते आणि उत्तराची वाट बघते. लोक याला वय झालं म्हणतात, तेच असेल.

एक काम होतं. भिंगरीचा सध्याचा पत्ता पाठव. तिची दोन पुस्तकं माझ्याकडे राहिली आहेत, पाठवून देईन म्हणते. या महिन्यातच पाठवायची आहेत. उशीर करू नकोस.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

१५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र परवा आलं. पत्ता नाही. ‘पोरीने बजावलंय की पत्ता कुणाला द्यायचा नाही, मावशीला तर मुळीच नाही,’ असं तू लिहिलंस. ते मला अपेक्षित होतं. पण त्याच्या खाली तू आणखी लिहिलंस, ‘पेपर सगळ्यांना सारखाच होता हे तूच सांगितलं होतंस. आमची पोर कमी पडली, आम्ही ते पचवलं. तीसुद्धा आता तेच म्हणते, मी मठ्ठच होते. मग खपली कशाला काढतेस?’

तुझ्या अक्षरात ते वाक्य वाचलं आणि मी तशीच पलंगावर बसून राहिले. त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. सव्वीस वर्षांत अशी रजा पहिलीच.

पुस्तकंबिस्तकं काही राहिलेली नाहीत. ती थाप होती.

ताई, तिचा पेपर सारखा नव्हता.

आता नीट वाच, मध्येच भावोजींना हाक मारू नकोस. संच जुळला की मी शेवटी कार्डं टेबलावर मांडून तीन ढीग करते. सोप्या प्रश्नांचा, मधल्यांचा आणि अवघडांचा. मधला ढीग सगळ्यात मोठा हवा, कारण अभ्यास केलेल्या आणि न केलेल्या माणसातला फरक तिथेच कळतो. सोपं सगळ्यांनाच येतं, फार अवघड कुणालाच येत नाही. त्या वर्षी औषधं आणि मात्रा या भागातली मधली कार्डं मला कमी पडली, कारण बरीचशी जुनी झाली म्हणून रद्द झाली होती. क, ख आणि घ कसेबसे भरले. ग संचाला मधलं काही उरलंच नाही. तेव्हा त्या भागातल्या चाळीस प्रश्नांत मी वीस अगदी सोपे आणि वीस अगदी अवघड घातले. सरासरी काढली, ती बाकीच्या तिघांशी तंतोतंत जुळली. तपासणारे सरासरीच बघतात. मी सही केली.

त्याने काय झालं सांगते. ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांचेही सोपे वीस आले, आणि ज्यांनी जीव तोडून अभ्यास केला त्यांचेही तेच वीस आले. अवघड वीस दोघांनाही आले नाहीत. भिंगरी हुशारीत कधी पहिली नव्हती आणि मठ्ठ तर नव्हतीच नव्हती, ती मधली होती, राबणारी. तिने जे कमावलं होतं ते दाखवायला पेपरात जागाच नव्हती. अठ्ठावन्न मिळाले, हवे होते साठ. तिसरी आणि शेवटची संधी. निकालाचे एकूण आकडे मात्र चारही संचांचे सारखे आले, कारण ग संचात जेवढे चांगले पडले तेवढेच कच्चे वर निघाले. कुणाला शंकासुद्धा आली नाही. ते कच्चे आज कुठल्या तरी वॉर्डात औषधं देत असतील, आणि त्यांना कुणी परत बोलावणार नाही. 

आणि तिला ते कळलं होतं, ताई. निकालाच्या दिवशी जेवायच्या टेबलावर ती शांतपणे म्हणाली, “मावशी, औषधांच्या भागात मधलं काही नव्हतंच. एक तर अगदी बाळबोध, नाहीतर पार डोक्यावरून.”

मी म्हटलं, “पेपर मी जुळवते, मला शिकवू नकोस. सगळ्यांना सारखाच असतो. कारणं शोधायची सवय लागली की माणूस संपतो.”

तिने ताट उचललं, घासून ठेवलं, माझंही ठेवलं. तिसऱ्या दिवशी बॅग भरून गेली. पुढचं तुला ठाऊक आहे, परिचारिका होणारी पोर परक्या घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कूस बदलून देते आणि स्वतःला मठ्ठ म्हणवून घेते.

तेव्हापासून ती माझ्यासमोर बसते. गंमत नाही. मी संच जुळवायला घेतला की टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत ती असते, भरदुपारी, खोलीत चारजण काम करत असताना. मी मनातल्या मनात प्रश्न वाचते आणि ती कुठे अडते, कुठे पेन उचलते, कुठे खालचा ओठ चावते ते मला दिसतं. ती थोडा वेळ अडून उत्तराला पोचली तर तो प्रश्न चांगला, मी घेते. या तीन वर्षांत माझे संच इतके नेमके झालेत की परीक्षा मंडळाने मागच्या वर्षी मला प्रशस्तिपत्रक दिलं. ते घ्यायला मी उठले आणि सभागृहात शेवटच्या रांगेत ती टाळ्या न वाजवता बसलेली होती. मी पत्रक घेऊन तशीच स्वच्छतागृहात गेले.

तू विचारशील, हे तुला कळलं कधी. निकालानंतर मी कार्डं परत मांडली तेव्हा.

काल मी संचालकबाईंना सगळं लिहून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. वयाने माझ्याहून लहान आहेत, पण बोलतात जपून.

“मॅडम, पाच महिन्यांत तुम्ही सुटला असता.”

“पंधरा दिवसांत उत्तरपत्रिका सुटल्या असत्या,” मी म्हटलं.

“ही मुलगी तुमची कोण?”

“सख्ख्या बहिणीची मुलगी. माझ्याच घरी राहत होती. तिच्या अर्जावरचा पत्ता बघा, माझाच आहे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना कळलं ते तुलाही सांगायला हवं. आमच्याकडे दर वर्षी एक कागद भरून द्यायचा असतो, की माझ्या जवळच्या नात्यातलं कुणी यंदा परीक्षेला बसत नाही. बसत असेल तर त्या वर्षी कार्डांना हात लावायचा नाही. मी ‘कुणी नाही’ लिहिलं होतं. तिला एक अक्षर सांगितलं नाही, एक कार्ड दाखवलं नाही, त्याची शपथ घ्यायला तयार आहे. पण माझी कार्डं वर्षभर दुसऱ्या कुणाच्या हातात जातील हे मला सोसवलं नाही. एवढ्याशा ताठ्यापायी.

ग संचाच्या उत्तरपत्रिका त्यांनी थांबवल्या आहेत. तिघांची समिती बसेल. काही निघालं तर मुलांना अर्ज करावा लागेल, स्वतःच्या सहीने. मंडळाचं पत्र माझ्या घरी येऊन पडेल आणि तिच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून पत्ता दे. मला शिव्या घाल, बोलू नकोस, पण पत्ता दे.

धाकटी

२० फेब्रुवारी

भिंगरी,

वरती चि. लिहून आशीर्वाद द्यायचे असतात. पेन टेकवलं होतं, पण पुढे जाईना, म्हणून तसंच सोडलं.

तुझ्या आईने पत्ता दिला. पोस्टकार्डावर पत्त्याच्या चार ओळी, बाकी एक अक्षर नाही. मी तिला दोष देत नाही, आणि तूही देऊ नकोस. तिने तुझा शब्द मोडला तो माझ्यासाठी नाही.

आधी कामाचं. सोबत मंडळाचं पत्र आणि अर्ज आहे. समितीने ग संच चुकीचा जुळला होता असं मान्य केलं आहे. तुझी ती तिसरी संधी धरली जाणार नाही. तुला पुन्हा परीक्षेला बसता येईल. तुझ्याखेरीज आणखी एकतीस जण आहेत. अर्ज पंधरा मार्चच्या आत पोचायला हवा, फुलीची खूण केली आहे तिथे सही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. संच या वेळी मी जुळवणार नाही, तेव्हा त्या बाजूने निर्धास्त रहा. मला घरी बसवलं आहे, चौकशी पुरी होईपर्यंत. गुडघ्याला आराम पडला.

आता दुसरं. चौकशीसाठी त्यांनी मला तुझी उत्तरपत्रिका दाखवली. पहिल्या साठ प्रश्नांत तुझे अडतीस बरोबर. औषधांच्या भागात सोप्या विसातले वीसच्या वीस. आणि अवघड वीस प्रश्नांच्या समोर तू काही केलंच नव्हतंस. वीस ओळींतली सगळी वर्तुळं कोरी. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “या मुलीने नुसते डोळे मिटून काळे केले असते तरी चार-पाच बरोबर आले असते. सगळ्यांनी तेच केलंय.” ते खरं आहे. ग संचाच्या गठ्ठ्यात त्या ओळी कोऱ्या ठेवणारी तू एकटी. त्यांना त्याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही. मी त्या कागदाकडे बघत बसले, संचालकबाईंनी पाणी मागवलं तरी माझी नजर निघेना.

तुझ्या आईला मी लिहिलं आहे की चूक निकालानंतर लक्षात आली. समितीलाही आधी तेच सांगितलं होतं. परवा त्यांना खरं सांगितलं, आज तुला सांगते. आईला तू सांग, किंवा सांगू नकोस, तुझ्यावर आहे.

परीक्षा रविवारी होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी मी घाईत राहून गेलेली संचांची शेवटची मांडणी तपासत होते आणि ग संचाच्या कार्डांचे ढीग केले. टेबलावर दोनच ढीग झाले. मधे लाकूड दिसत होतं. तेव्हाच मला सगळं समजलं, कुणाचं काय होणार तेसुद्धा. पेपर छापून, सील होऊन पडले होते, पण राखीव संच दर वर्षी तयार असतो, त्या वर्षीही होता. एक अर्ज लिहायचा, सही करायची, की ग संच मागे आणि राखीव पुढे. पण मग लोक विचारणार, हे इतक्या उशिरा कसं दिसलं, आणि फाइल उघडणार, आणि फाइलीत माझा तो कागद, ‘कुणी नाही’. मी कार्डं गोळा केली, पेटीत ठेवली आणि घरी आले.

तुझं हॉल तिकीट तू स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवलं होतंस. कुठल्या आसनाला कुठला संच जातो ते मला तोंडपाठ आहे. चहा ठेवता ठेवता मी तो आकडा वाचला. ग.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चार दिवस तू मधल्या खोलीत येरझारा घालत होतीस आणि मी भिंतीच्या अलीकडे होते. दर सकाळी ठरवायचे, आज अर्ज देते. एकीकडे स्वतःची समजूतही घालत होते, की सरासरी तर जुळते आहे, पोरीचं नशीब असेल तर निघेल. मी, जिने सव्वीस वर्षं कुणाला नशिबावर सोडायचं नाही याचा पगार घेतला.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे आणखी एक ओझं तुझ्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईल. या पत्राला उत्तर नको. मला फक्त तो अर्ज मंडळात पोचायला हवा आहे. तू मठ्ठ नव्हतीस हे मी तुला तोंडावर सांगू शकत नाही, तेव्हा ते कागदावर, मंडळाच्या शिक्क्यासकट पाठवते आहे.

एवढंच राहिलं. रविवारी सकाळी तू दारात बूट घालत होतीस. एका बुटाची नाडी बांधून झाली होती आणि दुसरी हातात होती. तू मान वर करून विचारलंस, “मावशी, काही सांगायचं आहे का?”

मला सगळं माहीत होतं. आणि मी म्हटलं, “माहीत नसेल तिथे अंदाजाने काही मारू नकोस. औषधांच्या बाबतीत तर मुळीच नाही. कोरं सोड.”

तू “बरं” म्हणालीस आणि गेलीस.

तू ऐकलंस, भिंगरी.

मावशी